गिटारीची कंबर: मिरजेतल्या एका साइड बेंडिंग फॉर्मचं प्रकरण

मी कुपवाड एमआयडीसीत पॅटर्नमेकर आहे. फाउंड्रीत धातू ओतायच्या आधी वाळूत ज्याचा ठसा उठवतात तो लाकडी नमुना बनवायचं माझं काम. गिटार मला वाजवता येत नाही, पण २०२४ च्या मे पासून नाताळपर्यंत मी आणि मिरजेतला एक पोरगा मिळून चार गिटारींच्या साइड, म्हंजे पेटीच्या कडेच्या लाकडी पट्ट्या, वाकवल्या, आणि त्यात जे जे चुकलं आणि जे जमलं ते सगळं इथं लिहून ठेवतोय. त्या घरच्यांना विचारूनच लिहितोय, नावं तेवढी दिलेली नाहीत. पोराला पोरगाच म्हणतो आणि त्याच्या वडलांना चाचा.

पार्श्वभूमी

चाचांचं घर पिढ्यान्पिढ्या तंबोरे बनवणारं. मिरजेत हे काम दीडशे वर्षांहून जास्त चालत आलंय, २०२४ मध्येच मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. पोरगा सव्वीस वर्षांचा, जवारी लावण्यात, म्हंजे घोडीचा माथा घासून तारेचा गुंजणारा सूर जमवण्यात, हात चांगला बसलेला. त्याच्या ओळखीच्या एका चर्चच्या गायनमंडळानं त्याला विचारलं की आम्हाला नाताळच्या आधी चार अकूस्टिक गिटारी बनवून देशील का, कारखान्यातल्या नकोत, हाताच्या पाहिजेत. त्यातली एक कटअवेची, म्हंजे मानेवरच्या वरच्या फ्रेटपर्यंत (धातूच्या आडव्या पट्ट्यांपर्यंत) बोटं जावीत म्हणून एका खांद्याला आत खाच घेतलेली. पोरगा हो म्हणून आला.

आता ह्यात एक गोष्ट बाहेरच्याला चटकन लक्षात येत नाही. तंबोऱ्याची गोलाई भोपळ्यातनं येते. पंढरपूर मंगळवेढ्याकडं ते भोपळे पिकतात, वाळवतात, आणि कारागीर त्यातला आपल्या मापाचा निवडून घेतो. दांडी कोरून पोकळ करतात. म्हंजे ह्या घरात कापायचं, कोरायचं, तासायचं, चिकटवायचं सगळं ज्ञान आहे पण सरळ फळी तापवून वाकवायची वेळ कुणावर कधी आलेलीच नव्हती. आणि गिटारीत तेच मूळ काम. साधारण ८२० एमएम लांब आणि दोन एमएमच्या आसपास जाड अशा दोन पट्ट्या, त्या एकदा बाहेर, एकदा आत आणि परत एकदा बाहेर वळवायच्या, आणि दोन्ही एकमेकींच्या आरशातल्यासारख्या दिसल्या पाहिजेत.

माप ओएमचं, म्हंजे ऑर्केस्ट्रा मॉडेलचं ठरलं. हे मॉडेल अमेरिकेतल्या मार्टिन ह्या गिटार कंपनीनं १९२९ मध्ये आणलं आणि बसून वाजवणाऱ्याला ते सोयीचं पडतं. पोटाकडं रुंदी ३८१, खांद्याला २८६, कंबर साधारण २४०, साइडची उंची मागं १०५ च्या आसपास आणि मानेकडं थोडी कमी. खांदा, कंबर, पोट हे शब्द पोराचेच आहेत, मी पुढं तेच वापरतो.

अडचण काय झाली

मे महिन्यात पोरानं घरीच दोन इंची लोखंडी पाईपात गॅसची टॉर्च सोडून पहिली पट्टी वाकवायला घेतली. कंबरेपाशी चटकन मोडली. दुसरी तासभर पाण्यात भिजवून घेतली, ती मोडली नाही पण आतल्या बाजूनं चिरफळ्या उठल्या आणि आडवी पण वाकली, म्हंजे पन्हळीसारखी. तेव्हा तो दोन्ही तुकडे पिशवीत घालून माझ्याकडं आला आणि म्हणाला, काका, हातानं होणारं काम नाही हे, मला फॉर्म, म्हंजे पट्टी ज्यावर दाबून वाकवायची तो साचा, बनवून द्या.

आणि इथंच मी पहिली चूक केली. माझा धंदाच साचे बनवायचा, त्यामुळं कुणी फॉर्म मागितला की माझं डोकं लगेच कुठलं लाकूड, किती थर, कुठं डॉवेल इकडंच पळतं. पट्टी का मोडली हे मी त्या दिवशी विचारलंच नाही. ते तुकडे माझ्या टेबलावर महिनाभर तसेच पडून होते आणि जाडी मोजायचा व्हर्नियर माझ्या खिशात होता.

पर्याय काय काय होते

आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात बसून चार पर्याय मांडले.

पहिला, तोच गरम पाईप. सगळ्यात स्वस्त आणि कुठलाही आकार करता येतो. चाचांचं मत ह्यालाच होतं. त्यांचं म्हणणं असं की हाताला लाकूड कळल्याशिवाय यंत्र घेऊ नये. पण दोन पट्ट्या वाया गेल्यामुळं पोराचा हात बिथरलेला, आणि आठ पट्ट्या सारख्या पाहिजेत, त्या पाईपवर नवख्या माणसाच्या सारख्या येणार नाहीत हे मलाही दिसत होतं.

दुसरा, बल्बची पेटी. चार्ल्स फॉक्स नावाच्या अमेरिकन लुथियरच्या, म्हंजे गिटार बनवणाऱ्या कारागिराच्या नावानं ही पद्धत ओळखली जाते. गिटारीच्या अर्ध्या आकाराचा पोकळ फॉर्म, वरनं धातूचा पत्रा, आत मोठे पिवळे बल्ब, आणि वरनं पोलादी पट्टीनं लाकूड दाबत न्यायचं, कंबरेला स्क्रूनं दाबायचं. समजायला सोपं आणि सामान सगळं इथं मिळणारं.

तिसरा, तसाच फॉर्म पण बल्बच्या जागी सिलिकॉनचं हीटिंग ब्लँकेट. ते लाकडाला लागूनच बसतं म्हणून उष्णता सगळीकडं सारखी जाते आणि कंट्रोलर लावला की तापमान धरून ठेवता येतं. पोरानं अमेरिकेतनं मागवायचं ठरवलं होतं, पैसे भरायच्या आदल्या रात्री मला फोटो पाठवला, तर त्यावर ११५ व्होल्ट लिहिलेलं. हे नीट समजून घ्या कारण ह्यात माणसाचा जीव जाऊ शकतो. ते ब्लँकेट आपल्या २३० वर लावलं तर व्होल्टेज दुप्पट, आणि वॉट होतात चौपट. हजार वॉटचं ब्लँकेट चार हजार वॉट ओढणार, म्हंजे काही मिनिटात सिलिकॉन जळणार. ट्रान्सफॉर्मर लावून चालवता येतं पण हजार वॉटचा ट्रान्सफॉर्मर म्हंजे अजून एक खर्च आणि अजून एक वजन. तो पर्याय आम्ही त्या रात्री बाजूला ठेवला आणि बल्बकडं वळलो.

चौथा मी सुचवलेला, लॅमिनेशन. एक एमएमच्या आसपासच्या दोन पातळ पट्ट्या, मध्ये ग्लू, आणि दोन साच्यांमध्ये दाबून ठेवायचं. पातळ असल्यानं तापवायला फार लागत नाही आणि एकदा ग्लू सुकला की आकार सुटत नाही. चांगले चांगले कारागीर हे करतात. पण आठ साइडला सोळा पातळ पट्ट्या एकसारख्या काढायच्या आणि आत बाहेर दोन्ही साचे अचूक पाहिजेत, म्हणून वेळेचं गणित बसेना.

पहिला फॉर्म आणि तो का टाकला

मी १८ एमएमच्या एमडीएफचे दोन तुकडे कापून, मध्ये आडवे दांडे घालून, वरनं ॲल्युमिनियमचा पत्रा मारून पेटी बनवली. आत २०० वॉटचे तीन बल्ब. ते मिळवायलाही सांगलीत चार दुकानं फिरलो, कारण आता सगळीकडं एलईडी.

तीन गोष्टी बिघडल्या, आणि तिन्ही वेगवेगळ्या जातीच्या आहेत म्हणून सविस्तर सांगतो.

एक म्हंजे माप. पोरानं एका कारखान्याच्या ओएम गिटारीभोवती पेन्सिल फिरवून आकार आणला होता आणि मी त्याच रेघेवर जिगसॉ चालवला. ती रेघ गिटारीच्या बाहेरच्या कडेची. फॉर्म तर साइडच्या आत बसतो! म्हंजे बाहेरच्या मापातनं लाकडाची जाडी वजा पाहिजे, खालच्या पत्र्याची जाडी वजा पाहिजे. शिवाय पेन्सिल उभी धरली तरी तिच्या जाडीनं रेघ बाहेरच पडते. माझ्यासारख्या माणसाकडनं हे व्हायला नको होतं. बिडाचा पॅटर्न करताना मीटरला १० एमएम आकसणं धरून माप वाढवणारा माणूस मी, पण इथं वजा करायचं होतं आणि मी विचारच केला नाही. जी एक साइड धड वाकली ती बाहेरच्या साच्यात, म्हंजे वाकवलेल्या साइड ज्याच्या आत बसवून गिटार जुळवतात त्यात, बसेचना, पोटाकडं पाच एमएम रुंद.

दुसरी गोष्ट एमडीएफ. ओल्या लाकडातनं वाफ निघते ती थेट एमडीएफच्या कापलेल्या कडेत जाते. चौथ्या वेळेला कंबरेपाशी कड फुगून पत्रा वर उचलला गेला. २०१९ च्या पुरात सांगलीत एमडीएफच्या कपाटांचं काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, तरी हाताशी तुकडे पडलेत म्हणून मी तेच वापरलं.

तिसरी उष्णता. तीन बल्ब, त्यातला एक खांद्याखाली आणि दोन पोटाखाली, आणि कंबर जिथं सगळ्यात जास्त ताप पाहिजे ती राहिली थंड. बाजूला हात लावला तर फरक हाताला कळायचा. त्यात एका संध्याकाळी पाऊस सुरू झाला आणि कंबर निम्मी दाबलेली असताना लाईट गेली. आम्ही ती तशीच शिकंज्यात ठेवून दिली, सकाळी बघतो तर लाकूड तिथंच कोन धरून बसलेलं, गोल नाहीच.

जूनच्या शेवटी आमच्याकडं पाच मोडक्या पट्ट्या आणि एक फुगलेला फॉर्म होता. पोरगा म्हणाला ऑर्डर परत करू. खरंच त्याच्या डोळ्यात पाणी होतं.

थांबून मोजायचं ठरवलं

हा ह्या सगळ्या प्रकरणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा टप्पा. चाचा त्या रविवारी माझ्या शेडवर आले, मोडक्या पट्ट्या एकेक उचलून उजेडाला धरल्या, अंगठा कडेवरनं फिरवला आणि म्हणाले, मिस्त्री, ही इथं जाड आहे आणि इथं पातळ, आणि ह्याच्या रेषा बघा कुठं पळतायत, तुमचा फॉर्म काय करणार ह्याला. मग मी व्हर्नियर लावला. एकाच पट्टीत २.२ पासून ३.० एमएमपर्यंत! पोरानं हातानं रंधा मारला होता, आणि सरासरी धरली तरी २.८ च्या आसपास.

ह्याचं गणित साधं आहे. लाकूड वाकवताना बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. तापलेलं लाकूड दाबलं जायला भरपूर तयार असतं पण ताणलं जायला जेमतेम एक दोन टक्के. कंबरेची त्रिज्या धरा ८० एमएम, तर २.८ जाडीला ताण होतो पावणेदोन टक्के आणि २.१ जाडीला १.३ टक्के. म्हंजे एक मोडायच्या काठावर आणि एक निभावणारी. आणि ताठपणा तर जाडीच्या घनानं वाढतो, त्यामुळं २.८ ची पट्टी २.१ च्या पट्टीपेक्षा सव्वादोन पटीहून जास्त ताठ. फॉर्म कितीही देखणा असला तरी तो आकार धरून ठेवायचं काम करतो. वाकणं हे जाडी, रेषा आणि ताप ह्यांच्यावर आहे, आणि आम्ही दीड महिना फक्त फॉर्मवर घालवला होता.

रेषांचं दुसरं. त्यानं रोझवूड म्हणून आणलेली फळी उत्तरेकडची शिशम निघाली. शिशम आणि आपल्या सह्याद्रीतली शिसवी दोन्ही एकाच कुळातल्या पण झाडं वेगळी, आणि गिटारवाले जगभर ज्याला इंडियन रोझवूड म्हणतात ती शिसवी. त्यात ही फळी सपाट कापातली, रेषा पट्टीच्या कडेतनं तिरक्या बाहेर निघालेल्या, आणि जिथं जिथं रेषा बाहेर निघाली तिथंच ती उचकटलेली. आम्ही पाचही तुकड्यांवर खडूनं खुणा केल्या तर पाचपैकी चार ठिकाणी तसंच.

मग ठरवलं की शिसवी उभ्या कापातली, रेषा सरळ असलेलीच घ्यायची, रीतसर बिलासह, आणि ओळखीच्या फर्निचरवाल्याच्या ड्रम सँडरवर सगळ्या पट्ट्या २.१ ला आणायच्या. आणि चाचांचं ऐकायचं, म्हंजे उरलेल्या कडांचे दोन बोटं रुंद तुकडे पोरानं आधी पाईपवर वाकवायचे. तो दोन आठवडे रोज संध्याकाळी तेच करत होता. पाईपवर पाण्याचा थेंब टाकला की चर्र करून लगेच उडाला पाहिजे, गोळी होऊन पळायला लागला म्हंजे पाईप फार तापलाय, लाकूड करपणार. भिजवत ठेवायचं नाही, फक्त स्प्रे. आणि जोर लावायचा नाही, हलका दाब ठेवून वाट बघायची, कारण लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारा आतला लिग्निन मऊ झाला की पट्टी हाताखाली एकदम सैल पडते, आणि तो क्षण एकदा हातानं ओळखला की माणूस परत घाई करत नाही.

दुसरा फॉर्म

आता फॉर्म. आधी कागदावर अर्धी गिटार काढली, मधल्या रेघेपासून एकच बाजू, आणि त्याचा सनमायकाचा टेम्प्लेट केला. तोच टेम्प्लेट उलटा केला की दुसरी बाजू. बाहेरचा साचा ह्याच टेम्प्लेटवरनं आणि फॉर्म ह्याच टेम्प्लेटमधनं २.४ एमएम आत घेऊन, म्हंजे २.१ लाकूड, पाव एमएम पत्रा आणि फॉइलचा किंचित. कंबर मात्र अजून दोन एमएम खोल घेतली, कारण शिकंजा काढल्यावर लाकूड थोडं उघडतं. फॉर्म आयएस ७१० च्या मरीन प्लायचे चार बरगे, मध्ये डॉवेल, म्हंजे लाकडी खुंट्या, आणि रिकामी जागा, वाफ जायला वाट. भरीव ठोकळा मुद्दाम केला नाही.

ब्लँकेट आम्ही इथंच ऑर्डर देऊन २३० व्होल्टचं बनवून घेतलं, १५० बाय ९०० एमएम, हजार वॉटच्या आसपास. आपल्याकडं सिलिकॉन हीटर मापानं बनवून देणारे आहेत, हे पोराला माहीतच नव्हतं आणि मला माहीत असून मी मे महिन्यात बोललो नाही, कारण मी तेव्हा त्याला फाउंड्रीचं सामान समजत होतो. त्याला कंट्रोलर आणि तापमान मोजायला के टाइपचा थर्मोकपल. अर्थिंग तपासून, एमसीबी लावून. एकूण खर्चात सगळ्यात मोठा आकडा हाच.

पत्रे पाव एमएमचे स्टेनलेसचे. साधा लोखंडी पत्रा ओल्या शिसवीला लागला की काळे डाग पडतात, लाकडातल्या टॅनिनमुळं, आणि ते डाग खोल जातात. म्हणून लाकूड फॉइलमध्ये गुंडाळायचं आणि पत्राही स्टेनलेसचाच. थर असे, खाली पत्रा, मग लाकूड, मग पत्रा, मग ब्लँकेट आणि सगळ्यात वर अजून एक पत्रा. पत्रा दोन्ही बाजूंनी का, तर पोटाला आणि खांद्याला वरची बाजू ताणली जाते आणि कंबरेला खालची, आणि जी बाजू ताणली जाते तिला पत्र्याचा आधार असला की चिरफळी उठत नाही.

वाकवण्याचा दिवस

पहिली खरी साइड सप्टेंबरच्या एका रविवारी सकाळी माझ्या शेडमध्ये वाकवली. मिरजेत घरी न करता इथं करायचं कारण लाईट, आमच्या लाईनला शेजाऱ्याचा जनरेटर आहे आणि त्याला आधी सांगून ठेवलं होतं.

पोरानं पट्टीवर दोन्ही बाजूंनी पाणी मारलं, कंबरेची रेघ पांढऱ्या पेन्सिलनं काढली, फॉइल गुंडाळून थर लावले. कंट्रोलर चालू. शंभर डिग्रीला पोचल्यावर कडेतनं वाफ सुटली आणि शिसवीचा तो गोडसर वास शेडभर झाला. ११५ ला मी म्हटलं आता. कंबरेला एम-१६ चा स्क्रू लावलेला, एका फेऱ्याला दोन एमएम खाली जातो. पोरानं अर्धा फेरा फिरवला आणि थांबला, परत अर्धा, परत थांबला. मी घड्याळ बघत होतो आणि माझं तोंड सुकलेलं, कारण पाणी उडून जायच्या आत तीन चार मिनिटात सगळं वाकलं पाहिजे. पण त्यानं घाई केली नाही. स्क्रू जड लागला की थांबायचा, आणि दहा सेकंदात तो आपोआप हलका व्हायचा. कंबर तळाला लागायला १० एमएम राहिल्यावर सोडली, मग पोटाकडची स्प्रिंगवाली आडवी पट्टी हळूहळू खाली ओढली, मग खांद्याकडची, आणि शेवटी कंबर तळापर्यंत. एक बारीक टक् असा आवाज आला. आम्ही तिघंही गप्प. चाचांनी पत्र्यावर कान नेला आणि म्हणाले पत्रा सरकला, लाकूड नाही.

१५० ला दहा मिनिटं धरली, बंद केलं, थंड झाल्यावर परत १३० ला दहा मिनिटं, आणि मग रात्रभर तशीच. सोमवारी सकाळी शिकंजे काढले तेव्हा पोरानं साइड उचलून सरळ बाहेरच्या साच्यात ठेवली आणि ती हातानं न दाबता बसली. कंबर दीड ते दोन एमएम उघडली होती, म्हंजे आम्ही जेवढी खोल घेतली होती तेवढीच.

कटअवेचं काय केलं

चौथ्या गिटारीचा प्रश्न मात्र फॉर्मनं सुटला नाही. कटअवेचं वळण ५० एमएम त्रिज्येचं आणि उलटं, २.१ ला ताण दोन टक्क्यांच्या वर जातो. मार्ग तीन दिसत होते. ती पट्टी तिथं १.८ पर्यंत पातळ करून पाईपवर घ्यायची, किंवा टोकदार कटअवे करायचा म्हंजे दोन तुकडे जोडून तीव्र वळण टाळायचं, किंवा लॅमिनेशन. मी लॅमिनेशनसाठी हट्ट धरला आणि त्यासाठी वेगळा साचाही निम्मा कापला, आठवडा गेला. पोरगा शेवटी मला न विचारता गायनमंडळाकडं गेला आणि सरळ सांगितलं की कटअवे मला अजून येत नाही, साधी चालेल का. ते म्हणाले चालेल, आमच्यातलं कुणी बाराव्या फ्रेटच्या वर फारसं जातच नाही! हा प्रश्न मे महिन्यात पहिल्या भेटीत विचारला असता तर तेव्हाच सुटला असता.

शेवटी काय झालं

आठ साइडपैकी सात पहिल्याच वेळी धड आल्या. आठवीला पोटाकडं कडेवर केसाएवढी चीर गेली, तिथं पातळ सुपरग्लू सोडून आतनं कापडाची पट्टी लावली, आणि ती कड नंतर बाइंडिंगमध्ये, म्हंजे कडेनं बसवायच्या बारीक पट्टीच्या जागेत गेली.

साइड सप्टेंबर ऑक्टोबरात वाकल्या तरी टॉप आणि बॅक, म्हंजे पुढची आणि मागची फळी, लावून बॉक्स बंद करायचं काम आम्ही नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत थांबवलं. पावसाळ्याच्या दमट हवेत लाकूड फुगलेलं असताना बॉक्स बंद केला तर उन्हाळ्यात ते आकसून टॉप तडकायची भीती. हवेतला दमटपणा मोजायला एक साधा हायग्रोमीटर टांगला होता आणि तो पन्नाशीच्या खाली यायची वाट बघितली. गायनमंडळाकडनं रोज फोन यायचे, पोरगा कासावीस व्हायचा, पण चाचा ठाम राहिले, कारण तंबोऱ्यात त्यांनी हे आयुष्यभर बघितलंय. चारही गिटारी नाताळच्या चार दिवस आधी पोचल्या. २०२५ च्या मे महिन्यात, भर उन्हाळ्यात, आम्ही चारही परत बघितल्या, सांधे धरून आहेत आणि टॉपला तडा नाही.

परत करायचं झालं तर

पहिला दिवस पूर्ण वेगळा करीन. मोडलेली पट्टी समोर आली की आधी जाडी मोजायची, रेषा बघायच्या, आणि लाकूड नेमकं कुठलं आहे ते ओळखायचं. फॉर्म त्याच्या नंतर.

फॉर्म घ्यायचा का पाईप, ह्यावर चाचांचं आणि माझं अजून एकमत नाही. माझं म्हणणं, एकच गिटार करायची असेल किंवा प्रत्येक वेळी आकार वेगळा असेल तर पाईप, आणि एकाच आकाराच्या तीन चार असतील तर ब्लँकेटचा फॉर्म, त्याचा खर्च आणि वेळ तिथं वसूल होतो. बल्बची पेटी मी आता कुणाला सुचवणार नाही, निदान आपल्याकडं बल्ब शोधत फिरावं लागतंय तोवर. चाचा म्हणतात की पोराच्या दोन आठवड्यांच्या पाईपच्या सरावाशिवाय तो स्क्रू कुठं थांबवायचा हे त्याला कळलंच नसतं. आणि त्या रविवारी त्याचा हात स्क्रूवर थांबताना मी बघितलाय, त्यामुळं मला त्यांना उत्तर देता येत नाही.

दुसरं, बाहेरचा साचा आणि फॉर्म वेगवेगळ्या मापांवरनं कधीच करणार नाही. एकच अर्धा टेम्प्लेट, त्यावर तारीख आणि मधली रेघ, आणि कुठल्या बाजूला किती वजा केलं ते त्याच्यावरच लिहिलेलं.

कंबर दोन एमएम जास्त खोल घेणं शिसवीला बरोबर पडलं, पण दुसऱ्या लाकडाला तेच चालेल असं धरू नका. मेपल, त्यातही लाटांची रेषा असलेलं, फार नाजूक असतं, त्याला मी आधी टाकाऊ तुकड्यावर घेऊन उघडतं किती ते मोजीन.

फॉर्म आता चाचांच्या दुकानात भिंतीला आहे, वाळत टांगलेल्या भोपळ्यांच्या शेजारी. त्याच्या बरग्यांवर पोरानं पेन्सिलीनं सगळं लिहून ठेवलंय, ११५ ला कंबर, १५० ला दहा मिनिटं, कुठल्या तारखेला कुठली पट्टी. गेल्या महिन्यात त्याला कोल्हापूरहून एका लहान बॉडीच्या गिटारीची ऑर्डर आली, हा फॉर्म तिला चालत नाही. त्यानं अर्धा टेम्प्लेट काढलाय, शिसवी २.१ ला आणून ठेवलीय, आणि प्लाय कापायचा का पाईप तापवायचा हे विचारायला तो रविवारी शेडवर येणार आहे.